मोटार बंद झाली की बोर्ड रिसेट: घरगुती टाकी-कंट्रोलरचं नेहमीचं दुखणं

लक्षणं जवळपास सगळ्यांची सारखीच. वरच्या टाकीची मोटार आपोआप चालू-बंद व्हावी म्हणून ईएसपी ८२६६ किंवा ईएसपी३२ या वायफाय असलेल्या छोट्या बोर्डांवर कंट्रोलर बनवला जातो. टेबलावर रिले (बोर्डाच्या इशाऱ्यावर उघड-बंद होणारा विजेचा स्विच) टिकटिक वाजतो, मोबाइलवर टाकीची पातळी दिसते, घरातले कौतुक करतात. मग तो जिन्याखालच्या मोटारीच्या पेटीत बसतो आणि नखरे सुरू होतात. मोटार बंद होते त्याच क्षणी बोर्ड रिसेट होतो, म्हणजे बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. कधी होतो, कधी होत नाही. रिसेट झाल्यावर कधी रिले पुन्हा स्वतःहून चालू होतो, टाकी वाहते आणि खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर अभिषेक होतो.

यानंतर जे होतं तेही ठरलेलं. लायब्ररी बदलली जाते, वायफायचा कोड पुन्हा लिहिला जातो, ‘बोर्डच डुप्लिकेट निघाला’ म्हणून नवा मागवला जातो. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. टेबलावर जो कोड नीट चालत होता तो पेटीत गेल्यावर बिघडत नाही. बिघडतं ते त्याच्या भोवतालचं.

म्हणून कोड उघडण्याआधी एकच गोष्ट नक्की करा: रिसेट नेमका कोणत्या क्षणी होतो? मोटार चालू होताना, बंद होताना, की दोन्हींशी संबंध नसताना? तिन्हींची कारणं वेगळी आणि औषधंही वेगळी. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर गुण येत नाहीच, उलट ‘सगळं करून पाहिलं’ अशी समजूत होऊन बसते.

एक गोष्ट आधीच सांगतो. इथून पुढे २३० व्होल्टशी काम आहे. पेटी उघडण्यापूर्वी एमसीबी पाडा, टेस्टरवर भरवसा न ठेवता मीटरने दोन्ही तारा तपासा, आणि मोटारीच्या बाजूची जोडणी वायरमनकडून करून घ्या. लॅपटॉप बोर्डाला जोडून बघायचं असेल तर तो चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवा.

खरंच रिसेट होतोय का?

‘हँग होतो’ या दोन शब्दांत चार वेगळे आजार लपलेले असतात. बोर्ड रिसेट झालेला असतो, किंवा अडकलेला असतो, किंवा फक्त वायफाय सुटलेलं असतं, किंवा बोर्ड ठणठणीत असून फक्त डिस्प्लेवर चिनी-जपानी दिसायला लागलेलं असतं.

हा शेवटचा प्रकार फसवा आहे. १६ बाय २ चा साधा एलसीडी बहुतेक वेळा चार बिटांच्या पद्धतीने जोडलेला असतो, म्हणजे प्रत्येक अक्षर दोन तुकड्यांत जातं. मधेच एखादा खोटा ठोका तारेवर आला की तुकड्यांची जोडी चुकते आणि तिथून पुढचं सगळं वाचन अर्ध्याने सरकतं. स्क्रीनवर कचरा दिसतो, पण आतला बोर्ड आपलं काम करत असतो. अशा वेळी मोटार बंद झाल्यावर दोनेक सेकंदांनी एलसीडी नव्याने सुरू करायची एक ओळ कोडात घाला, डिस्प्लेच्या तारा आखूड करा. तेवढ्याने भागलं तर छान, पण मूळ कारण खाली ‘बंद होताना’मध्येच आहे.

रिसेट ओळखायची सोपी युक्ती म्हणजे बोर्ड किती वेळ चालू आहे तो आकडा कुठेतरी दाखवत राहणं. आकडा शून्यावर आला तर रिसेट. आकडा वाढतोय पण मोबाइलवर काही दिसत नाही, तर वायफाय. आकडाच थांबला, तर अडकला.

शिवाय बोर्ड स्वतःही कारण सांगतो. ईएसपी३२ ला पुरवठा कमी पडला की सिरीयलवर (यूएसबी तारेने लॅपटॉपवर दिसणाऱ्या निरोपांत) ‘ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड’, म्हणजे व्होल्टेज पडलं, असा स्पष्ट निरोप येतो. ईएसपी ८२६६ इतका प्रामाणिक नाही. त्याला व्होल्टेज कमी पडलं तर तो कधी हार्डवेअर वॉचडॉगचं (अडकलेला बोर्ड पुन्हा सुरू करणाऱ्या पहारेकऱ्याचं) नाव घेतो, कधी एक्सेप्शन (कोड चालताना झालेली चूक) म्हणतो, कधी नुसता गप्प पडतो. त्याचे अगदी सुरुवातीचे निरोप ७४८८० या विचित्र बॉड रेटवर (निरोप पाठवायच्या वेगावर) येतात. ११५२०० वर बघितलं तर ते कचऱ्यासारखे दिसतात आणि लोक उगाच घाबरतात. टास्मोटा हे बोर्डावर चढवायचं तयार सॉफ्टवेअर वापरत असाल तर माहितीच्या पानावर रिस्टार्टचं कारण असतंच. ईएसपीहोम या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी डीबग घटक जोडावा लागतो.

गुन्हेगार शोधायची पद्धत

मल्टिमीटर लावून ‘पाच व्होल्ट तर बरोबर येतायत’ म्हणण्याला अर्थ नाही. मीटर सेकंदाला दोन-तीन वेळा वाचतो, आणि ज्या खड्ड्यात बोर्ड पडतो तो काही मिलिसेकंदांचा असतो. ऑसिलोस्कोप असेल तर प्रश्नच नाही, पण बहुतेकांकडे नसतो. त्याच्याशिवायही काम होतं, फक्त भार पायरीपायरीने वाढवायचा.

पहिल्या पायरीला रिलेच्या संपर्कांना, म्हणजे मोटारीची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांना, काहीच जोडू नका. नुसता रिले चालू-बंद करत राहा. इथेच रिसेट होत असेल तर मोटारीचा काही दोष नाही. पाच व्होल्टचा पुरवठा लंगडा आहे.

दुसऱ्या पायरीला संपर्कांवर जुना पिवळा साठ किंवा शंभर वॅटचा बल्ब लावा. एलईडी नको, तारेचाच हवा. हा भार सरळ स्वभावाचा आहे, त्यात कॉइल नाही. बल्बवर सगळं ठीक चालतं आणि मोटार किंवा कॉन्टॅक्टर (मोटारीचा मोठा करंट जोडणारा-तोडणारा दणकट स्विच, ज्याची कॉइल रिले चालवतो) बंद होताना बिघडतं, तर पुरवठ्याचा नाद सोडा. तुम्हाला ठिणगीचा त्रास आहे.

तिसरी पायरी कॉन्टॅक्टर असेल तर. मोटारीच्या तारा त्याच्या बाहेरच्या बाजूने काढून ठेवा आणि नुसती त्याची कॉइल चालू-बंद करा. यानंतरच मोटार.

या सगळ्याबरोबर एक छान परीक्षा म्हणजे पॉवर बँक. बोर्डाला पेटीतल्या चार्जरऐवजी पॉवर बँकवर चालवा. मोटार सुरू होतानाचा रिसेट पॉवर बँकवर थांबला, तर दोष चार्जरचा किंवा लाइनच्या पडण्याचा. बंद होतानाचा रिसेट पॉवर बँकवरही होत राहिला, तर त्रास वीजपुरवठ्याच्या तारेतून नव्हे, इतर तारांमधून आणि हवेतून शिरतोय. काही पॉवर बँका भार फार कमी असेल तर स्वतःच बंद होतात, तो गोंधळ वेगळा ओळखा.

चालू होताना रिसेट

इथलं गणित साधं आहे, म्हणून लवकर सांगून टाकतो. बाजारात मिळणाऱ्या निळ्या पाच व्होल्टच्या रिलेची कॉइल साधारण ७० ओहमची असते, म्हणजे ती चालू झाल्यावर ७० मिलिॲम्पियर खाते. त्याच वेळी बोर्ड वायफायवर ‘मोटार चालू’ असा निरोप पाठवत असतो आणि त्या क्षणी त्याचीही भूक वाढते. ईएसपी३२ चे निर्माते म्हणूनच ५०० मिलिॲम्पियर किंवा जास्त देऊ शकेल असा पुरवठा मागतात. समजा दोन्ही मिळून ०.४ ॲम्पियर झाले.

आता केबल. स्वस्त यूएसबी केबलमध्ये बहुधा २८ गेजची तार असते. तिचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम, जाऊन-येऊन ०.४३. तिथे ०.१७ व्होल्ट गेले. नोडएमसीयू या ईएसपी ८२६६ च्या तयार बोर्डावर यूएसबीच्या वाटेत एक डायोड असतो, तो आणखी ०.३ खातो. पाचाचे उरले साडेचार. त्यावरचा एएमएस१११७ रेग्युलेटर ३.३ व्होल्ट देण्यासाठी स्वतः १.१ ते १.३ व्होल्ट मागतो, म्हणजे त्याला ४.४ ते ४.६ हवेतच. पाहिलंत? चार्जर चांगला असूनही आपण काठावर उभे. चार्जरच ४.८ देणारा असेल तर काठ संपला.

उपाय: केबल आखूड आणि जाड घ्या, किंवा केबल काढूनच टाका. रिलेला बोर्डाच्या व्हिन पिनवरून वीज देऊ नका. चार्जरच्या टर्मिनलवरून दोन वेगळ्या जोड्या काढा, एक बोर्डाला, एक रिलेला. बोर्डाजवळ पाच व्होल्टवर १००० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक आणि ३.३ व्होल्टवर ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक लावा. या हजारचं सामर्थ्य किती? चार्जरने काहीच दिलं नाही असं धरलं तरी ०.४ ॲम्पियरच्या एका मिलिसेकंदाच्या झटक्यात तो फक्त ०.४ व्होल्ट पडू देतो. वायफायच्या झटक्यांना हे पुरतं. पण मोटार सुरू होताना लाइनच बसत असेल तर नाही पुरत.

गावाकडे संध्याकाळी हे सर्रास दिसतं. आधीच लाइन १८० वर, त्यात एक अश्वशक्तीची मोटार उठताना नेहमीच्या पाच-सात पट करंट ओढते, घरातले दिवे डोळा मारतात. चांगल्या चार्जरला याचं काही वाटत नाही, पण फुटपाथवरच्या चार्जरमध्ये साठवणीचा कपॅसिटरच नावापुरता असतो. इथे चार्जर बदलणं हाच उपाय. पेटीत कायमचं बसवायचं असेल तर हाय-लिंकचं पाच व्होल्ट, तीन वॅटचं छोटं मॉड्यूल घेतात तसं घ्या, आणि त्याच्या आधी फ्यूज घाला.

एक सल्ला मात्र धुडकावून लावा. ईएसपी३२ मध्ये ब्राउनआउटची तक्रारच बंद करणारी एक ओळ सगळीकडे फिरते. ती घातली की निरोप यायचा थांबतो, व्होल्टेज पडायचं थांबत नाही. मग बोर्ड अर्धपोटी चालत राहतो आणि नेमका सेटिंग लिहीत असताना घोटाळा झाला तर फ्लॅशमधली माहिती खराब होते. तक्रार करणाऱ्याचं तोंड दाबून ही कटकट मिटत नाही.

बंद होताना रिसेट

खरी गंमत इथे आहे, आणि दहातल्या बऱ्याच जणांचं दुखणं इथलंच असतं.

कॉइलमधून करंट चालू असताना वाट तोडली तर कॉइल तो सहजासहजी सोडत नाही. संपर्क उघडायला लागतात, मधली फट केसाएवढी असते, आणि कॉइल त्या फटीवर शेकडो, कधी हजारो व्होल्ट उभे करते. ठिणगी पडते, विझते, व्होल्टेज पुन्हा चढतं, पुन्हा ठिणगी. संपर्क पूर्ण दूर जाईपर्यंत अशी लागोपाठ मालिका चालते. एकेका ठिणगीची चढ-उतार इतकी तीक्ष्ण असते की पेटीतली प्रत्येक तार अँटेना होते. बोर्डाची रिसेट पिन, टाकीतल्या तरंगत्या फ्लोट स्विचची लांब तार, ग्राउंड, सगळ्यांवर क्षणभर खोटे ठोके उमटतात. जवळ रेडिओ ठेवून पाहा, कट्ट करून आवाज येतो तो हाच.

‘कधी होतो, कधी होत नाही’ याचंही उत्तर इथेच आहे. आपली वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते, म्हणजे करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो. संपर्क शून्याच्या आसपास उघडले तर कॉइलमध्ये शिल्लकच काही नसतं, ठिणगी पडत नाही. शिखराजवळ उघडले तर मोठी पडते. बोर्ड कोणत्या क्षणी रिले सोडेल हे नशिबावर. त्यामुळे एखादी ‘दुरुस्ती’ केल्यावर दोन वेळा ठीक चाललं म्हणजे ती लागू पडली असं समजू नका. नशीब चांगलं होतं, एवढंच.

इथे अनेकांचा प्रश्न असतो, ‘पण मी तर डायोड लावलाय!’ तो १ एन ४००७ रिलेच्या स्वतःच्या पाच व्होल्टच्या कॉइलवर असतो, मॉड्यूलवर आधीच बसवलेला येतो, आणि त्याचं काम तो चोख करतो. ठिणगी पडते ती दुसऱ्या बाजूला, २३० व्होल्टच्या संपर्कांवर. एसीवर डायोड चालत नाही. तिथे लागतो स्नबर: ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १०० ओहमचा रेझिस्टर, एकामागे एक जोडलेले. कपॅसिटर एक्स२ प्रकारचाच घ्या, अंगावर २७५ व्होल्ट एसी आणि एक्स२ असं छापलेलं असतं. दुकानदार ‘४०० व्होल्टचा आहे, चालेल’ म्हणत साधा पॉलिस्टर देईल. तो ४०० डीसी असतो आणि थेट लाइनवर ठेवण्यासाठी बनवलेला नसतो. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला ‘एक्स टू’ असं नीट म्हणून मागितलं की मिळतो. रेझिस्टर एक वॅटचा घ्या. दोन्ही एका डबीत भरलेला तयार स्नबरही मिळतो.

आता तो लावायचा कुठे, यात घोळ होतो. जिथे ठिणगीचं मूळ आहे तिथे, म्हणजे कॉइलच्या दोन टोकांवर. कॉन्टॅक्टर असेल तर त्याच्या ए१ आणि ए२ वर. रिलेच्या संपर्कांवर आडवा लावला तरी ठिणगी कमी होते, पण मग रिले उघडा असतानाही स्नबरमधून वीज झिरपत राहते. ०.१ मायक्रोफॅरडचा अडथळा पन्नास हर्ट्झला सुमारे ३२ हजार ओहम, म्हणजे २३० वर सात मिलिॲम्पियर. मोटारीला याचं काही नाही, पण छोटा कॉन्टॅक्टर तेवढ्यावर गुणगुणत चिकटून राहू शकतो आणि दर्शक दिवा मंद पेटत राहतो. ‘बंद केलं तरी लाइट दिसतोय’ या तक्रारीमागे बरेचदा हेच असतं. शिवाय अशा तारेला हात लावणाऱ्याला झटकाही बसतो.

स्नबरबरोबर एक व्हॅरिस्टरही लावा, १४डी४७१ सारखा. तो ३०० व्होल्ट एसीपर्यंत शांत बसतो. आपल्याकडे रात्री लाइन २६०-२७० ला जाते हे लक्षात घेता २७५ वाल्यापेक्षा हा बरा. व्हॅरिस्टर उंच शिखरं कापतो, स्नबर चढण बोथट करतो. एकाच्या बदल्यात दुसरा चालत नाही.

कॉन्टॅक्टर नाहीच, निळ्या रिलेवरूनच थेट मोटार चालते, असं असेल तर इथे थांबा आणि आधी तेवढं बदला. रिलेवर १० ॲम्पियर लिहिलेलं असतं ते साध्या भारासाठी. एक अश्वशक्तीची मोटार चालताना पाच ते सात ॲम्पियर घेते म्हणून लोक निर्धास्त असतात, पण उठताना ती तीस-चाळीसवर जाते. संपर्क हळूहळू जळतात आणि एक दिवस एकमेकांना वितळून चिकटतात. मग बोर्ड ‘बंद’ म्हणतो, रिलेचा दिवा विझतो, आणि मोटार चालूच. जगातला कोणताही कोड ती बंद करू शकत नाही. मोटारीच्या भारासाठीचा, म्हणजे एसी-३ प्रकाराला किमान ९ ॲम्पियरचा कॉन्टॅक्टर घ्या, त्याची कॉइल २२०-२४० व्होल्टची असावी, आणि रिलेने फक्त ती कॉइल हाताळावी. सबमर्सिबलच्या पॅनेलमध्ये कॉन्टॅक्टर बहुधा आधीच असतो, वायरमनला विचारा.

एवढं झाल्यावर कॉन्टॅक्टरची छोटी कॉइल चालवायला रिलेऐवजी दोन ॲम्पियरचा छोटा सॉलिड स्टेट रिलेही वापरता येतो. त्यातला ट्रायॅक (एसीचा इलेक्ट्रॉनिक स्विच) करंट शून्यावर आल्यावरच सुटतो, त्यामुळे ठिणगीचा प्रश्नच मुळातून जातो. मला हा मार्ग सगळ्यात आवडतो. दोन अटी आहेत. त्यातूनही थोडी वीज झिरपते, म्हणून कॉन्टॅक्टर पूर्ण सुटतोय ना ते बघा. आणि हे रिले बिघडले तर बहुधा चालू अवस्थेतच अडकतात, म्हणून मोटारीला हाताने बंद करायचं वेगळं बटण ठेवाच.

ठिणगी आवरली, आता बोर्डाकडे येणाऱ्या वाटा बंद करा. मोटारीच्या तारा आणि बोर्डाच्या तारा एकाच पट्टीतून नेऊ नका. एकमेकांना ओलांडायचं असेल तर काटकोनात. शक्य असेल तर कॉन्टॅक्टर एका पेटीत आणि बोर्ड दुसऱ्या, हातभर लांबच्या पेटीत ठेवा. नुसत्या या अंतराने कित्येक कंट्रोलर सुधारतात.

दोन किंवा चार रिलेच्या मॉड्यूलवर एक पिवळा किंवा निळा जंपर असतो, जेडी-व्हीसीसी आणि व्हीसीसी यांना जोडणारा. मॉड्यूलवर ऑप्टोकपलर (इशारा प्रकाशाने पोचवून दोन बाजूंची वीज वेगळी ठेवणारा भाग) दिसतो म्हणून आपण ‘आयसोलेटेड आहे’ म्हणतो, पण हा जंपर जागेवर असेपर्यंत दोन्ही बाजूंची वीज एकच आहे. तो काढा. व्हीसीसीला बोर्डाचे ३.३ व्होल्ट द्या, इनपुट पिन बोर्डाच्या पिनला. जेडी-व्हीसीसी आणि त्याच्या शेजारच्या ग्राउंडला वेगळ्या चार्जरचे पाच व्होल्ट द्या. बोर्डाचं ग्राउंड मॉड्यूलला जोडायचं नाही. हे केल्याने आणखी एक जुनी तक्रार सुटते. व्हीसीसीला पाच व्होल्ट आणि पिन ३.३ ची असेल तर मधे १.७ व्होल्ट शिल्लक राहतात, आणि काही मॉड्यूलवर रिले नीट सुटतच नाही.

वेळीअवेळी रिसेट, किंवा उगाच चालू-बंद

मोटारीशी मेळ बसत नसेल तर संशय टाकीकडून येणाऱ्या तारेवर. गच्चीपासून जिन्याखालपर्यंत पंधरा-वीस मीटर तार, आणि तिला वर ओढून धरायला ईएसपीचा आतला पुल-अप रेझिस्टर, जो तीस हजार ते लाखभर ओहमच्या घरातला, म्हणजे फारच दुबळा. शेजारच्यांचा मिक्सर चालू झाला तरी ती तार हलते. बाहेरून ३.३ व्होल्टला २.२ हजार ओहमचा पुल-अप द्या, पिनच्या आधी एक हजार ओहम, आणि पिनवरून ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरड. तार लॅनची वापरा आणि सिग्नल व त्याचं ग्राउंड पिळलेल्या एकाच जोडीतून न्या. ईएसपी३२ च्या ३४ ते ३९ या पिनांना आतला पुल-अप नसतोच. कोडात लिहिला तरी काही होत नाही. कोडात फ्लोट दोन-तीन सेकंद एकाच स्थितीत राहिला तरच मानायचा. टाकीत पाणी पडताना लाटा येतात, त्यामुळे हे तसंही करावंच लागतं.

अल्ट्रासॉनिक सेन्सर वापरणाऱ्यांना वेगळा त्रास. साधा एचसी-एसआर०४ टाकीत वाफ धरतो आणि मनाला येईल ते आकडे देतो. त्याची इको पिन पाच व्होल्टची, ती थेट ईएसपीला देऊ नये. झाकणात बसणारा पाणबंद सेन्सर बरा, पण तो वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या आतलं मोजत नाही. टाकी काठोकाठ भरली की तो आंधळा होतो, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच. मी म्हणेन, पातळी बघायला हवा तर सेन्सर ठेवा, मोटार बंद करायला फ्लोटच.

बाकी किरकोळ: ब्रेडबोर्ड आणि ड्युपाँट तारा पेटीत ठेवू नका, मोटारीच्या थरथरीने ढिल्या होतात. पावसाळ्यात पेटीत मुंग्या शिरतात, कधी पाल. ग्लँड घट्ट करा.

रिसेट झालाच, तर मोटार बंद राहिली पाहिजे

सगळं केल्यावरही वीज जाणार-येणारच. तेव्हा बोर्ड उठताना काय करतो हे तपासा. ईएसपी ८२६६ वर रिले डी३, डी४ किंवा डी८ वर नको. या पिना बोर्ड सुरू होताना कोणत्या स्थितीत आहेत त्यावर तो कसा उठायचं ते ठरवतो, आणि रिले मॉड्यूलने त्या ओढल्या तर तो उठतच नाही. डी० सुरुवातीला वर जाते. डी१ आणि डी२ सगळ्यात शहाण्या. रिले खालच्या पातळीवर चालू होणारा असेल तर आधी पिनची पातळी वर लिहा आणि मगच तिला आउटपुट करा. क्रम उलटा झाला तर प्रत्येक रिसेटला रिले एकदा टिचकी मारतो, आणि त्या टिचकीच्या ठिणगीने पुन्हा रिसेट, असं चक्र लागतं.

टास्मोटा वापरणाऱ्यांनी पॉवरऑनस्टेट ही सेटिंग आजच बघावी. ती मुळात ३ वर असते, म्हणजे वीज आल्यावर रिले शेवटच्या स्थितीत जातो. दिव्यासाठी हे छान, मोटारीसाठी घातक. ती ० करा. पल्सटाइम १९०० दिलंत तर रिले जास्तीत जास्त १८०० सेकंद, म्हणजे अर्धा तास चालू राहील. शंभरावरचे सेकंद मोजायची त्याची रीत आहे. टाकी किती वेळात भरते ते बघून आकडा ठरवा. आणि सेटऑप्शन६५ ला १ करा, कारण मुळात टास्मोटा सात वेळा पटापट वीज गेली-आली की ‘मालकाला मला रिसेट करायचंय’ असं समजून सगळ्या सेटिंग पुसून टाकतो. पावसाळ्यात लाइट जशी येते-जाते त्यात हे घडायला कितीसा वेळ लागतो?

दुरुस्ती लागू पडली का?

आधी सांगितलं तसं, दोन-चार वेळा नीट चालणं हा पुरावा नाही. पण मोटार वारंवार चालू-बंद करूनही बघायचं नाही, तिची वायंडिंग तापते. म्हणून मोटारीच्या तारा कॉन्टॅक्टरवरून काढून ठेवा आणि नुसता कॉन्टॅक्टर दर पाच सेकंदांनी चालू-बंद करणारा छोटा प्रोग्राम अर्धा तास चालवा. शून्यापासून शिखरापर्यंत सगळ्या क्षणी तो उघडून होतो. बोर्ड किती वेळ चालू आहे तो आकडा शेवटी बघा. मधे शून्यावर आला नसेल तर मोटार जोडा आणि आठवडाभर तोच आकडा बघत राहा. आला असेल तर स्नबर एका वेळी एकाच जागी बदलून पुन्हा अर्धा तास. एकदम तीन गोष्टी बदलल्या तर बरं कशाने वाटलं ते कळणार नाही, आणि पुढच्या पेटीत पुन्हा तिथूनच सुरुवात.